सोलर बीम नीट कशी वापरावी : उन्हाचा हिशेब, योग्य पोकेमॉन आणि पावसाच्या टीमचा बंदोबस्त

पोकेमॉनच्या खेळांत ग्रास टाइपच्या (वनस्पती प्रकारच्या) ज्या मूव्ह, म्हणजे लढतीतल्या चाली, नवख्या खेळाडूच्या डोळ्यांत लगेच भरतात, त्यांत सोलर बीम बरीच वर आहे. ताकद 120, अचूकता 100, पीपी (किती वेळा वापरता येते तो आकडा) 10 आणि टीएमच्या, म्हणजे मूव्ह शिकवणाऱ्या वस्तूच्या, रूपाने उपलब्ध असल्यामुळे ग्रास टाइपच्या बाहेरच्याही कितीतरी पोकेमॉनना ती शिकवता येते. मात्र याच मूव्हमुळे हातातली लढत घालवणारे खेळाडूही तितकेच आहेत, कारण पहिल्या टर्नला (खेळीला) ती फक्त प्रकाश गोळा करते आणि प्रत्यक्ष हल्ला दुसऱ्या टर्नला होतो. दोन टर्नमध्ये 120 म्हणजे प्रत्येक टर्नला सरासरी 60, आणि एवढी ताकद तर खेळाच्या मध्यावर मिळणाऱ्या साध्या मूव्हमध्येही असते. ही अडचण दूर करणारी गोष्ट म्हणजे कडक ऊन. ऊन असताना सोलर बीम त्याच टर्नला सुटते. म्हणून या मूव्हचा विचार सुरू करताना ती कोणाला शिकवायची हा प्रश्न दुसरा. ऊन कोण पाडणार आणि ते किती टर्न टिकणार, हा पहिला.

थोडा इतिहास येथे उपयोगी आहे. 1996 साली जपानमध्ये आलेल्या रेड आणि ग्रीन या पहिल्या खेळांत सोलर बीम होती, पण हवामान नावाची गोष्टच नव्हती. त्या काळी सिनबार बेटावरच्या पोकेमॉन मॅन्शनमध्ये टीएम 22 सापडला की आनंद होत असे, आणि बल्बासॉर ज्यांनी पहिल्यापासून सांभाळला त्यांना व्हीनसॉर झाल्यावर ही मूव्ह 65 व्या पातळीला मिळत असे. परंतु प्रत्यक्षात 55 ताकदीची रेझर लीफ तिच्यापेक्षा सरस होती, कारण खेळांच्या त्या पहिल्या पिढीत क्रिटिकलची, म्हणजे जादा नुकसान करणाऱ्या फटक्याची, शक्यता पोकेमॉनच्या वेगावरून ठरत असल्यामुळे व्हीनसॉर किंवा व्हिक्ट्रीबेलची रेझर लीफ जवळजवळ दरवेळी क्रिटिकल लागत असे. 1999 मध्ये गोल्ड आणि सिल्व्हर आले, त्यांच्यासोबत सनी डे ही मूव्ह आली आणि सोलर बीमला तिची खरी जागा मिळाली. पुढे टीएमचे क्रमांक बदलले. स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये ती टीएम 168 आहे. तिचे मूळ वागणे मात्र फारसे बदललेले नाही.

पहिली पायरी : ऊन कोठून आणायचे ते ठरवा

ऊन आणण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे सनी डे ही मूव्ह वापरणे, आणि दुसरा म्हणजे मैदानात पाऊल टाकताच ऊन पाडणारी ड्रॉट ही अंगभूत गुणाच्या रूपातली अ‍ॅबिलिटी असलेला पोकेमॉन टीममध्ये ठेवणे. दोन्हींचा कालावधी पाच टर्नचा आहे आणि ऊन पाडणाऱ्याच्या हातात हीट रॉक हा आयटम (वस्तू) असेल तर तो आठ होतो. सहाव्या पिढीच्या आधी, म्हणजे 2013 च्या एक्स आणि वायपूर्वी, अ‍ॅबिलिटीने आलेले हवामान कोणी बदलेपर्यंत कायम राहत असे. जुन्या पिढीवरचा एखादा सल्ला वाचून आजच्या खेळात टीम बांधली, तर सगळा हिशेब येथेच चुकतो.

पाच टर्न म्हणजे प्रत्यक्षात किती, हे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. सनी डे पहिल्या टर्नला वापरली तर ती टर्नही पाचांत मोजली जाते, म्हणून एकास एक लढतीत सोलर बीमसाठी चारच टर्न हाती येतात. ड्रॉटचा पोकेमॉन लढतीच्या सुरुवातीलाच मैदानात असेल तर पहिल्या टर्नच्या आधीच ऊन पडलेले असते आणि पाचही टर्न पूर्ण वापरता येतात. तोच पोकेमॉन लढतीच्या मध्ये अदलाबदल करून आणला, तर येण्यात एक टर्न जाते आणि चार उरतात. आपला एखादा पोकेमॉन बाद झाल्यानंतर त्याच्या जागी आणला, तर मात्र पुन्हा पाच मिळतात. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो : ऊन पाडणारा दुसऱ्यांदा आणायचा असेल, तर टीममधला कमी उपयोगाचा पोकेमॉन आधी जाऊ द्यावा आणि त्याच्या जागी त्याला आणावे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ऊन आधीच पडलेले असताना सनी डे वापरली तर ती फुकट जाते, आणि ड्रॉटचा पोकेमॉन पुन्हा आत आणला तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही. एकच टर्न शिल्लक असताना घाईने त्याला आणले तर त्या टर्नच्या शेवटी ऊन मावळते, आणि तो मैदानात असूनही काही करू शकत नाही. त्यामुळे ऊन पूर्ण संपू द्यावे आणि मगच त्याला आणावे. टर्न मोजण्याची सवय या एका कारणासाठी तरी लावून घ्यावी. कागदावर रेघा ओढून मोजले तरी चालते, त्यात कमीपणा नाही.

ड्रॉटचे मुख्य वाहक थोडे आहेत. नाइनटेल्सला ही अ‍ॅबिलिटी पाचव्या पिढीत लपलेली (सहसा न आढळणारी) अ‍ॅबिलिटी म्हणून मिळाली, टॉर्कोलला 2016 च्या सन आणि मूनमध्ये, आणि ग्राउडॉनकडे ती तिसऱ्या पिढीपासून आहे. मेगा उत्क्रांती (लढतीपुरते मिळणारे जास्त ताकदवान रूप) असलेल्या खेळांत मेगा चॅरिझार्ड वाय हा त्यांतला सर्वांत घातक. नाइनटेल्स आणि टॉर्कोल यांतून निवड करताना लोक आक्रमण आणि बचाव पाहतात. मी वेग पाहतो. दोन्ही बाजूंचे हवामान पाडणारे पोकेमॉन एकाच वेळी मैदानात उतरले, तर वेगवान पोकेमॉनची अ‍ॅबिलिटी आधी लागू होते आणि संथ पोकेमॉनची नंतर, म्हणजे शेवटी टिकते ते संथ पोकेमॉनचे हवामान. टॉर्कोलचा मूळ वेग (त्या जातीसाठी ठरलेला आकडा) 20, पाऊस पाडणाऱ्या पेलिपरचा 65, वाळूचे वादळ आणणाऱ्या टायरॅनिटारचा 61 आणि नाइनटेल्सचा 100. त्यामुळे समोर पेलिपर किंवा टायरॅनिटार उतरला तर टॉर्कोलचे ऊन टिकते आणि नाइनटेल्सचे जाते. येथे टॉर्कोलचा मंदपणाच त्याचे भांडवल ठरतो.

सनी डे हाताने वापरायची असेल तर प्रँक्स्टर अ‍ॅबिलिटी असलेला व्हिम्सिकॉट चांगला, कारण त्याची सनी डे इतरांच्या आधी लागते आणि दुहेरी लढतीत त्याचा जोडीदार त्याच टर्नला सोलर बीम सोडू शकतो.

दुसरी पायरी : सोलर बीम कोणाला द्यायची

येथे माझे मत स्पष्ट आहे. सोलर बीम ही ग्रासची मूव्ह असली तरी तिचा सर्वांत जास्त फायदा फायर टाइपच्या पोकेमॉनला होतो. फायर पोकेमॉनला वॉटर, ग्राउंड आणि रॉक या तीन टाइपची भीती असते, आणि ग्रासची मूव्ह दुप्पट लागते ती नेमक्या याच तीन टाइपना. शिवाय ऊन असताना फायर मूव्हची ताकद दीडपट आणि वॉटर मूव्हची निम्मी होते. म्हणजे ज्या उन्हामुळे सोलर बीम लगेच सुटते, तेच ऊन फायर पोकेमॉनचा मुख्य हल्ला वाढवते आणि त्याच्या मुख्य शत्रूचा हल्ला अर्ध्यावर आणते. तीन कामे एका हवामानात होतात. असा योग पोकेमॉनच्या खेळांत क्वचित जुळतो.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. ऊन सोलर बीमची ताकद वाढवत नाही. ते फक्त प्रकाश गोळा करण्याची टर्न वाचवते. ताकद आहे तेवढीच, 120.

आता आकड्यांत पाहू. 50 व्या पातळीचा मेगा चॅरिझार्ड वाय घ्या. त्याचे मूळ विशेष आक्रमण, म्हणजे सोलर बीमसारख्या अशारीरिक हल्ल्यांचा जोर ठरवणारा आकडा, 159 आहे. त्यात पूर्ण 252 ईव्ही (सरावाने मिळणारे जादा गुण) घातले आणि स्वभाव तटस्थ ठेवला तर प्रत्यक्ष आकडा 211 होतो. समोर पॉलिटोड आहे, ज्यात एकही ईव्ही घातलेला नाही; त्याची एचपी (जीवनशक्ती) 165 आणि विशेष बचाव 120. उन्हात फ्लेमथ्रोअर वापरली, तर मूव्ह स्वतःच्याच टाइपची असल्याचा दीडपट लाभ आणि उन्हाचा दीडपट लाभ मिळूनही नुकसान 67 ते 79 इतकेच होते, कारण वॉटर टाइप फायरला अर्धे करतो. त्याच टर्नला सोलर बीम वापरली, तर टाइपचा लाभ नसतानाही नुकसान 158 ते 188 होते, म्हणजे दुपटीहून अधिक, आणि पॉलिटोड बहुतेक वेळा एका फटक्यात बाद होतो. पॉलिटोडने एचपीत 252 ईव्ही घातले असतील तर त्याची एचपी 197 होते आणि तो थोडक्यात वाचतो. अशा वेळी आधी जोडीदाराकडून लहानसा फटका मारून घ्यावा लागतो. स्वॅम्पर्ट, क्वॅगसायर, गॅस्ट्रोडॉन यांच्यासारखे वॉटर आणि ग्राउंड असे दोन्ही टाइप असलेले पोकेमॉन तर सोलर बीमने चौपट घायाळ होतात, आणि फायर पोकेमॉनला अडवण्यासाठी लोक टीममध्ये ठेवतात ते बहुधा हेच.

चॅरिझार्डशिवाय नाइनटेल्स, टॉर्कोल, हाउंडूम, हीट्रॅन, व्होल्कॅरोना आणि ग्राउंड टाइपचा असूनही उन्हाचा राजा असलेला ग्राउडॉन, हे सगळे सोलर बीम शिकतात. यांतल्या बहुतेकांना ग्रासची दुसरी चांगली मूव्ह मिळत नाही. नाइनटेल्सला 90 ताकदीची एनर्जी बॉल मिळते, आणि ऊन टिकण्याची खात्री नसेल तर तिच्याकडे एनर्जी बॉलच ठेवणे मी पसंत करीन.

ग्रास पोकेमॉनचे काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्यात व्हीनसॉरचे उदाहरण सर्वांत चांगले, कारण त्याच्या क्लोरोफिल या लपलेल्या अ‍ॅबिलिटीमुळे उन्हात त्याचा वेग दुप्पट होतो. मूळ वेग 80 म्हणजे मध्यम. पण 50 व्या पातळीला पूर्ण ईव्ही आणि वेग वाढवणारा टिमिड स्वभाव दिला तर आकडा 145 आणि उन्हात 290 होतो. पोकेमॉनमध्ये सर्वांत जास्त मूळ वेग रेजिएलेकीचा, 200; त्याला वेगाचे पूर्ण ईव्ही आणि अनुकूल स्वभाव दिला तरी आकडा 277 च्या पुढे जात नाही. म्हणजे उन्हातला व्हीनसॉर त्यालाही मागे टाकतो. विशेष आक्रमण वाढवणारा मॉडेस्ट स्वभाव दिला तर वेग 132 चा दुप्पट, म्हणजे 264 होतो. रेजिएलेकी सोडून बाकीच्यांसाठी एवढाही सहसा पुरतो आणि हल्ला दहा टक्के वाढतो. स्पर्धेत समोर काय येते ते पाहून यांतून निवड करावी.

एवढे असूनही व्हीनसॉरला सोलर बीम द्यावीच असे नाही. ग्रास टाइपच्या मूव्ह ग्रास, फायर, पॉयझन, फ्लाइंग, बग, ड्रॅगन आणि स्टील अशा सात टाइपवर निम्म्याच लागतात, त्यामुळे उन्हातला व्हीनसॉर पुष्कळदा वेदर बॉल वापरतो, जी ऊन असताना 100 ताकदीची फायर मूव्ह होते आणि त्यावर उन्हाचा दीडपट लाभ घेते. मग ग्रासची मूव्ह म्हणून 75 ताकदीची गिगा ड्रेन चालते, जी घेतलेल्या नुकसानाच्या निम्मी एचपी परत देते आणि पावसातही काम करते. स्वोर्ड आणि शील्डच्या काळात तर डायनामॅक्सच्या (पोकेमॉन काही काळ राक्षसी आकाराचा होतो त्या रूपाच्या) सोयीसाठी व्हीनसॉरला फ्रेंझी प्लांट शिकवण्याची पद्धत रूढ झाली होती. ती 150 ताकदीची मूव्ह एरवी वापरल्यानंतर एक टर्न गप्प बसवते, पण डायनामॅक्समध्ये ती मॅक्स ओव्हरग्रोथ होते, गप्प बसण्याची अट नाहीशी होते आणि ताकद 150 राहते. सोलर बीमवरून तयार होणारी मॅक्स ओव्हरग्रोथ 140 ची असते. सगळी टीमच उन्हाभोवती बांधली असेल, उदाहरणार्थ टॉर्कोल आणि व्हीनसॉर ही जोडी, तर मात्र डायनामॅक्स नसलेल्या खेळात व्हीनसॉरची सोलर बीम खरोखर भेदक आहे, कारण टाइपच्या लाभासह तिची ताकद 180 पर्यंत जाते. पाचव्या पिढीपासून ग्रोथ ही मूव्ह उन्हात दोन्ही आक्रमणे दोन-दोन पायऱ्यांनी वाढवते, हेही लक्षात ठेवावे.

शारीरिक आक्रमण चांगले असलेल्या पोकेमॉनसाठी सातव्या पिढीत सोलर ब्लेड आली. ताकद 125, बाकी नियम सोलर बीमचेच.

तिसरी पायरी : हातात काय द्यायचे

ऊन पाडणाऱ्याच्या हातात हीट रॉक देणे ही सरळ निवड आहे. एकास एक लढतीत तीन जादा टर्न म्हणजे एखादा पोकेमॉन जादा बाद करण्याची संधी असते. दुहेरी लढती लवकर संपतात, म्हणून तेथे हीट रॉकऐवजी टॉर्कोलला फायर मूव्ह वाढवणारा चारकोल किंवा बचावाचा एखादा आयटम दिलेला अधिक उपयोगी पडतो.

सोलर बीम वापरणाऱ्याला चॉइस स्पेक्स देण्याचा मोह आवरावा. त्याने विशेष आक्रमण दीडपट होते हे खरे, पण निवडलेली मूव्ह बदलता येत नाही, आणि ऊन मावळल्यावर तुमचा पोकेमॉन सोलर बीममध्येच अडकून प्रकाश गोळा करीत बसतो. प्रतिस्पर्ध्याला यापेक्षा सोपी टर्न मिळणार नाही. लाइफ ऑर्ब हा मध्यम मार्ग आहे. त्याने नुकसान तीस टक्के वाढते, दर हल्ल्याला थोडी एचपी जाते, पण मूव्ह निवडण्याची मोकळीक राहते.

पॉवर हर्ब हा चौथ्या पिढीत आलेला आयटम एकदाच प्रकाश गोळा करण्याची टर्न वाचवतो आणि संपतो. ऊन नसलेल्या टीममध्ये एखाद्या ठरावीक शत्रूसाठी सोलर बीम ठेवायची असेल तर तो एकमेव समाधानकारक उपाय आहे. हीट्रॅनला पॉवर हर्ब आणि सोलर बीम देऊन समोरचा स्वॅम्पर्ट अनपेक्षितपणे घालवता येतो. मात्र ही युक्ती त्या लढतीत पुन्हा चालत नाही, आणि समोरच्याला तुमची टीम आधीच दिसत असेल तर पहिल्यांदाही चालेल याची हमी नाही.

चौथी पायरी : प्रत्यक्ष लढतीत

सोलर बीमची निवड करण्याआधी, प्रत्येक टर्नला, स्वतःला एक प्रश्न विचारावा : ही मूव्ह सुटेल त्या क्षणी ऊन असेल का? आत्ता ऊन आहे एवढे पुरेसे नाही, कारण पोकेमॉनची अदलाबदल नेहमी मूव्हच्या आधी होते. तुम्ही सोलर बीम निवडली आणि त्याच टर्नला समोरच्याने पाऊस पाडणारा पॉलिटोड आत आणला, तर आधी पाऊस पडतो, आणि मग तुमची मूव्ह लागू होते. अशा वेळी तुमचा पोकेमॉन प्रकाश गोळा करायला लागतो, पुढच्या टर्नला त्याला ना माघारी घेता येते ना मूव्ह बदलता येते, आणि वर पाऊस, वाळूचे वादळ, गारा किंवा बर्फ असताना सोलर बीमची ताकद निम्मी होत असल्यामुळे एवढी वाट पाहून सुटणारा हल्ला 60 चा असतो.

मघाच्याच उदाहरणातले आकडे पुन्हा मांडले तर फरक कळतो. तोच मेगा चॅरिझार्ड, तोच ईव्ही नसलेला पॉलिटोड. उन्हात 158 ते 188, आणि पावसात 80 ते 96, तेही एका टर्ननंतर. आणि शिल्लक राहिलेल्या पॉलिटोडकडून पावसाने दीडपट झालेली वॉटर मूव्ह चॅरिझार्डला झेलावी लागते. हा सौदा कोणत्याही दृष्टीने परवडणारा नाही.

यावर उपाय आहेत. मेगा चॅरिझार्ड वायच्या बाबतीत तर खेळाचा नियमच तुमच्या बाजूचा आहे : टर्नमध्ये आधी अदलाबदल होते, त्यानंतर मेगा उत्क्रांती होते आणि मग मूव्ह सुटतात. चॅरिझार्डला साध्या रूपात ठेवून तुम्ही मेगा उत्क्रांती राखून ठेवली असेल, तर ज्या टर्नला समोरचा पॉलिटोड किंवा पेलिपर आत येण्याची शक्यता दिसते त्याच टर्नला मेगा उत्क्रांती आणि सोलर बीम यांची निवड करावी. आधी पाऊस पडेल, मग ड्रॉट लागू होऊन तो पाऊस पुसला जाईल, आणि सोलर बीम उन्हात सुटेल. म्हणून पावसाच्या टीमसमोर पहिल्याच टर्नला उत्साहाने मेगा उत्क्रांती करणे म्हणजे हातातला हुकमी पत्ता पहिल्याच हाताला टाकण्यासारखे आहे. येथे एक बारकावा सांगायला हवा : पेलिपर वॉटर आणि फ्लाइंग असल्यामुळे त्याला सोलर बीम दुप्पट लागत नाही, साधीच लागते. पेलिपर दिसला की सवयीने सोलर बीम दाबणाऱ्यांनी हे विसरू नये; त्याच्यासाठी जोडीदाराकडे इलेक्ट्रिक मूव्ह असलेली बरी, ती चौपट लागते.

मेगा उत्क्रांती नसलेल्या खेळात टॉर्कोलला लगेच मैदानात न आणता मागे ठेवणे हा तसाच पर्याय आहे. समोरच्याने पाऊस पाडल्यावर टॉर्कोल आत आणला की ऊन परत येते, आणि मग पुन्हा पाऊस आणण्यासाठी त्याला पेलिपर बाहेर काढून पुन्हा आत आणावा लागतो, म्हणजे दोन टर्न खर्चाव्या लागतात. हवामानाची ही ओढाताण ज्याच्याकडे संयम जास्त त्याच्या बाजूने झुकते.

टायरॅनिटारचे प्रकरण वेगळे सांगावे लागेल. तो रॉक आणि डार्क आहे, म्हणून कागदावर सोलर बीम त्याला दुप्पट लागते. पण तो आपल्यासोबत वाळूचे वादळ आणतो; वादळात सोलर बीमची ताकद निम्मी होते आणि चौथ्या पिढीपासून रॉक पोकेमॉनचा विशेष बचाव वादळात दीडपट होतो. दोन्ही मिळून नुकसान जवळपास एक तृतीयांशावर येते. टायरॅनिटारसाठी सोलर बीमवर विसंबू नये. चौपट लागणारी फायटिंग मूव्ह शोधावी.

गोल्डकची क्लाउड नाइन आणि रेक्वाझाची एअर लॉक या अ‍ॅबिलिटी ऊन पुसत नाहीत, पण त्याचा परिणाम थांबवतात. पडद्यावर ऊन दिसत असूनही सोलर बीम प्रकाश गोळा करायला लागते, आणि पहिल्यांदा हे घडताना पाहणाऱ्याला खेळातच काही बिघाड आहे असे वाटते. सॅप सिपर ही अ‍ॅबिलिटी तर ग्रासची मूव्ह पूर्ण गिळते आणि वर त्या पोकेमॉनचे आक्रमण वाढवते. गुड्रा आणि अझुमॅरिल यांच्याकडे ती असू शकते. अझुमॅरिल समोर आला आणि त्याची अ‍ॅबिलिटी अजून उघड झालेली नसेल, तर स्पर्धेत बहुतेकांकडे ह्यूज पॉवर असते हे गृहीत धरून सोलर बीम सोडायला हरकत नाही.

समोरून सोलर बीम येत असेल तर

सन आणि मूनमध्ये मॅलो या पात्राच्या परीक्षेत, लश जंगलात, 24 व्या पातळीचा टोटेम (परीक्षेतला बलाढ्य) लुरॅन्टिस हा ग्रास पोकेमॉन भेटतो, आणि अनेक नव्या खेळाडूंचा प्रवास तेथे अडतो. त्याच्या हातात पॉवर हर्ब असतो, म्हणून पहिली सोलर ब्लेड तो लगेच मारतो. त्याच्या मदतीला कास्टफॉर्म येतो, सनी डे वापरतो, आणि त्यानंतरच्या सोलर ब्लेडही बिनदिक्कत सुटू लागतात. शिवाय लुरॅन्टिसकडे सिंथेसिस आहे, जी एरवी निम्मी एचपी भरून काढते आणि उन्हात दोन तृतीयांश.

यातून मार्ग काढताना वॉटर पोकेमॉन पुढे करू नये हे उघड आहे. वेला ज्वालामुखीच्या परिसरात मिळणारा सॅलंडिट पकडून ठेवावा. तो पॉयझन आणि फायर असल्यामुळे ग्रासची मूव्ह त्याला एक चतुर्थांश लागते, आणि बग टाइपची मूव्हही तितकीच. गंमत अशी की कास्टफॉर्मने पाडलेले ऊन तुमच्या सॅलंडिटच्या फायर मूव्हही दीडपट करते. त्यामुळे कास्टफॉर्मला आधी मारण्याची घाई न करता, ऊन पडल्याबरोबर लुरॅन्टिसवरच सगळा मारा करावा आणि त्याला सिंथेसिसची टर्न मिळू देऊ नये. कास्टफॉर्म उन्हात स्वतः फायर टाइपचा होतो, हे मात्र डोळ्यांआड करू नये.

माणसाविरुद्धच्या लढतीत सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रोटेक्ट ही त्या टर्नचा हल्ला अडवणारी मूव्ह. समोरच्याने उन्हाशिवाय सोलर बीम सुरू केली असेल, तर ती कोणत्या टर्नला सुटणार हे तुम्हाला आधीच कळलेले असते. त्या टर्नला प्रोटेक्ट करावे किंवा स्टील, ड्रॅगन अथवा फायर पोकेमॉन आत आणावा. उन्हात सुटणाऱ्या सोलर बीमसमोरही प्रोटेक्ट कामाची आहे, कारण ती उन्हाची एक टर्न खाते, आणि तुमचे दोन्ही पोकेमॉन एकेकदा आळीपाळीने प्रोटेक्ट करू शकले तर पाचांतल्या दोन टर्न निघून जातात.

पोकेमॉन गोमध्ये

पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा खेळ खेळणाऱ्यांसाठी वरचे बहुतेक नियम लागू नाहीत. तेथे सोलर बीमला प्रकाश गोळा करावा लागत नाही. त्याऐवजी तिला ऊर्जेची पूर्ण पट्टी लागते. रेडमध्ये, म्हणजे बलाढ्य पोकेमॉनविरुद्धच्या सामूहिक लढतीत, पूर्ण पट्टी भरेपर्यंत पोकेमॉन बाद होण्याचा धोका असतो, म्हणून अर्ध्या पट्टीत सुटणारी फ्रेंझी प्लांट तिच्यापेक्षा सरस ठरते. व्हीनसॉरला ती मार्च 2018 च्या कम्युनिटी डेला मिळाली होती. ती संधी हुकलेली असेल तर एलिट चार्ज्ड टीएम (अशी हुकलेली मूव्ह शिकवणारी वस्तू) अशाच पोकेमॉनसाठी जपून ठेवावा.

या खेळातले हवामान तुमच्या गावाच्या खऱ्या हवामानावरून ठरते. निरभ्र हवेत ग्रास, फायर आणि ग्राउंड टाइपचा हल्ला वीस टक्के वाढतो. पावसात वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग यांचा. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात ग्रास टाइपला हा लाभ क्वचितच मिळतो, तेव्हा वॉटर टाइपच्या रेडसाठी इलेक्ट्रिक पोकेमॉनची टीम तयार ठेवावी. तिला पावसाचाच लाभ मिळतो. ऑक्टोबरपासून आकाश मोकळे झाले की ग्रासची टीम बाहेर काढावी. निरभ्र रात्रीही हाच लाभ मिळतो, सूर्य डोक्यावर असलाच पाहिजे असे नाही.